लाल जाकिटातली फूटपट्टी

चीनला जाऊन आले असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं सांगायचं तर चीनकडे माझी पाठच होती. भिंत माझ्या मागे, डोंगर माझ्या मागे, देवळं माझ्या मागे. आणि माझं तोंड सतत निमिषकडे, कारण तो लांबून हात हलवत असायचा. डावीकडे. अजून डावीकडे. आता हलू नकोस!

निमिष माझा नवरा. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवार कॅमेरा, असा त्याचा संसार. त्यात उरलासुरला माझा. त्याच्या मते निसर्गाच्या फोटोत माणूस हवाच, पण लांब हवा, छोटा हवा आणि लाल हवा. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीहून निघायच्या आधी त्याने मला एक छान लाल जाकीट घेऊन दिलं. मला वाटलं, प्रेमाने दिलं. मी वेडी, त्याला घट्ट मिठीसुद्धा मारली.

"स्केलसाठी गं," त्याने मला चीनच्या भिंतीवर पोचल्यावर सांगितलं. "तू तिकडच्या बुरुजापाशी उभी राहिलीस की भिंत केवढी मोठी आहे ते कळतं."

मी गेले. चढ असा की जीव मेटाकुटीला आला. आजूबाजूची जोडपी गळ्यात गळे घालून सेल्फी काढत होती आणि मी एकटी बुरुजाशेजारी खांबासारखी उभी. हुआंगशानच्या डोंगरावर तर मधेच धुकं आलं. निमिष मला दिसेना, मी त्याला दिसेना. तरी मी हलले नाही. हलले असते तर पुन्हा त्याच दगडावर चढावं लागलं असतं.

परत आल्यावर साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. तिने चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"यात तू कुठे आहेस?"

"तो लाल ठिपका, आई. तो मी."

"अगं बाई! मला वाटलं, मोबाइलला कुंकू लागलंय. मघापासून पदराने पुसतेय मी."

"मला स्केलसाठी उभं केलं होतं."

"स्केल म्हणजे पट्टी ना? शाळेतली?" आईने विचारलं. "म्हणजे जावईबापूंनी तुला फूटपट्टी म्हणून नेलं होतं?"

मी हसले, पण ते शब्द मनाला लागले. कारण त्यात चूक काहीच नव्हतं.

एका फोटोचं मात्र मी तिला वचन दिलं होतं. लेशानचा बुद्ध. अख्ख्या कड्यात कोरलेला, नदीकाठी गुडघ्यांवर हात ठेवून शांत बसलेला. त्याच्या पायाच्या नखावर माणूस आरामात बसेल, एवढा मोठा. तिथे निमिष होडीतून फोटो काढणार होता आणि मी कड्यातल्या पायऱ्या उतरून बुद्धाच्या पावलांपाशी उभी राहणार होते. माझा गुडघा सुजलेला. मी सरळ नाही म्हटलं.

तेव्हा तोच म्हणाला होता, "सुलेखा, प्रॉमिस. हा फोटो मी एक्झिबिशनला लावणार आणि त्यात तू असणार. चेहरा दिसेल असं झूम करतो."

मग मी गेले. रांगेत उभी राहिले, कठड्याला धरून एकेक पायरी उतरले, आणि खाली पोचल्यावर इतक्या गर्दीतही मला बरं वाटलं. त्या अंगठ्याशेजारी उभं राहून मी होडीकडे बघून मनापासून हसले. सबंध प्रवासात तेवढीच एकदा.

निमिषच्या कॅमेरा क्लबचं प्रदर्शन गावातल्या लायब्ररीच्या हॉलमध्ये होतं, शनिवारी सकाळी. आईला सांगून ठेवलं होतं, "तुझं रात्रीचं जेवण झालं की फोन कर, भिंतीवरची मी दाखवते." तिने शेजारच्या काकूंनाही बोलावलं होतं.

फ्रेमवरचा कागद मी स्वतः सोडला. बुद्ध होता, पावलं होती, अंगठा होता. मी नव्हते. गर्दी नव्हती, कठडा नव्हता, मधे येणाऱ्या होडीच्या दोऱ्याही नव्हत्या. अंगठ्याशेजारी स्वच्छ, गुळगुळीत दगड.

"मी कुठे गेले?" मी विचारलं.

निमिष स्पॉटलाइट फिरवत होता. "अगं, क्लबमध्ये सगळे म्हणाले, रेड डॉट डिस्ट्रॅक्ट करतो. आधी मी फक्त क्राउड रिमूव्ह केला होता. मग म्हटलं, एकदम क्लीनच करू या."

"क्लीन? मी कचरा होते का?"

"हळू बोल ना. पर्सनली घेऊ नकोस यार. कॉम्पोझिशनचा प्रश्न होता."

"तू प्रॉमिस केलं होतंस."

"तुझा वेगळा प्रिंट काढून देतो ना. फोर बाय सिक्स."

फोर बाय सिक्स! माझ्या डोक्यात तिडीक गेली. भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात दार उघडलं आणि पाहुणे आत यायला लागले. मग काय, मी कॉफीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. अंगावर तेच लाल जाकीट. आईने ओळखावं म्हणून मुद्दाम घातलं होतं. मला आता त्याचीही लाज वाटत होती.

पहिले आले ते आमच्या मराठी मंडळाचे उल्हासकाका आणि रत्नाकाकू. काका फोटोसमोर थांबले.

"वा, निमिष! झकास. रत्ना, बघ, अगदी आपल्या फायरप्लेसवर आहे तसाच. काय रे, ऑनलाइन मागवलास की तिकडून आणलास?"

"काका, डोंगरात कोरलाय तो!" निमिष म्हणाला. "सेव्हंटी मीटर्स!"

"हो का?" काकांनी मान तिरकी करून पाहिलं. "वाटत नाही पण."

काकू म्हणाल्या, "धूळ पुसायला कठीण जात असेल, नाही? बोटांच्या मधे मधे."

त्यानंतर एका अमेरिकन आजीने हा बागेत ठेवायचा का विचारलं. एका माणसाला तो साबणाचा वाटला. निमिष प्रत्येकाला आकडे सांगत होता, हात पसरत होता, घाम पुसत होता. लोक मान हलवून पुढच्या फोटोकडे जात होते. मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी तो माझ्याकडे आला. चेहरा पार पडलेला.

"सुलेखा, एक काम कर ना. जरा फोटोशेजारी उभी राहा. म्हणजे मला बोट दाखवून सांगता येईल, की ही त्या अंगठ्याएवढीसुद्धा नव्हती. लोकांना अंदाज येईल."

 त्याला त्यात काहीच गैर वाटत नव्हतं. मी जागेवरून हलले, ते होकारच समजून तो चार पावलं मागे गेला आणि सवयीने हात हलवायला लागला. डावीकडे. अजून थोडी डावीकडे.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

मी फोटोच्या बरोब्बर समोर गेले, भिंतीकडे पाठ केली आणि फोन हातभर अंतरावर धरला. पडद्यावर माझा चेहरा आला, मोठाच्या मोठा, केस विस्कटलेले, डोळे भरलेले. साताऱ्याच्या घरात आई आणि शेजारच्या काकू एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

"आता कशी दिसलीस!" आई खुशीत ओरडली. "किती दिवसांनी नीट बघतेय तुला. वाळलीस गं." मग तिने चष्मा पुढे ओढला. "आणि तुझ्या खांद्यामागे ते काय आहे? ते एवढंसं?"

निमिषचा हात हवेतच राहिला होता.

"काही नाही, आई," मी म्हटलं. "फूटपट्टी आहे."