टोकावरचं झाड

ग्रिंडल मास्तरांचं चित्र परत आलं, तेही टपालाच्या होडीतून, बटाट्यांच्या पोत्यांना टेकून.

एकोणचाळीस वर्षं, बरं का! दर जूनमध्ये बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या शहरात चित्रकार मंडळाचं प्रदर्शन भरायचं आणि दारातून आत शिरलं की पहिल्या भिंतीवर अल्वा ग्रिंडल यांचं निसर्गचित्र. त्यात कधी खंड नाही. लढाईच्या वर्षांतसुद्धा नाही. आणि आता चाळिसाव्या वर्षी चित्राच्या पाठीवर एक छापील चिठ्ठी डकवलेली, 'परीक्षकांना खेद वाटतो.'

"खेद वाटतो म्हणे!" मास्तर रिकाम्या घरात ओरडले. "खेद कसला वाटतोय मेल्यांना!"

ओरडून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि मग त्यांना खरी भीती वाटायला लागली. सोमवारी त्यांचा उन्हाळी वर्ग सुरू व्हायचा होता. बोस्टनहून, न्यूयॉर्कहून बारा विद्यार्थी येणार. येता येता ते आधी प्रदर्शन बघणार, मग बेटावरची होडी धरणार, हा दरवर्षीचा शिरस्ता. ज्याचं चित्र मंडळानंच घरी पाठवलं त्याच्या हाताखाली कोण शिकेल? मास्तरांना बायको नाही, मूलबाळ नाही. होता तो हा वर्ग होता. तो गेला की मग उरलं काय? शेगडी आणि खुर्ची.

त्या चित्राचं एक गुपित होतं, आणि ते आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही अशी मास्तरांची खात्री होती. चित्र घरात बसून काढलेलं होतं.

आता यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण ग्रिंडल मास्तरांचा वर्ग ज्यानं पाहिलाय तो असं म्हणणार नाही. "तिथे जाऊन उभे राहा!" हा त्यांचा एकच मंत्र. डास चावू देत, वाऱ्यानं कॅनव्हास उडू दे, उभे राहा आणि समोर आहे तेवढंच काढा. शनिवारी सकाळी सगळी चित्रं धक्क्यावर मांडायची आणि मास्तर सुरी घेऊन फिरायचे, रंग कालवायची ती बोथट सुरी. जे समोर नव्हतं ते दिसलं की खर्रकन खरवडून टाकायचे. पोरी रडायच्या, बाप्ये लाल व्हायचे, पण पुढच्या वर्षी परत यायचे.

आणि हेच मास्तर गेल्या ऑक्टोबरात टेकडीवरून उतरताना पडले. डावा गुडघा गेला. हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि मार्च महिनाभर अंथरूण सुटलं नाही. एप्रिलात उठले, काठीच्या आधारानं दुकानापर्यंत जायला लागले, पण बेटाच्या टोकावर जायची वाट म्हणजे नुसते दगड. ती काही जमेना. टोक टेकडीच्या पलीकडे, घरातून दिसतही नाही. पण अडलं कुठे? टोकावरचं ते एकटं स्प्रूसचं, सुईसारख्या पानांचं झाड त्यांना तोंडपाठ होतं. कुठली फांदी वाऱ्यानं वाकलेली, कुठे वीज पडून साल गेलेली, सगळं. एबन डायरनं, म्हणजे समुद्रात सापळे टाकून शेवंडी धरणाऱ्या शेजारच्या एबननं, त्याच सुमाराला लाकडांचा एक ढीग आणून दारात रचला होता. "राहू दे मास्तर, थंडी आहे अजून," एवढंच म्हणाला आणि गेला. त्या उबेला बसून मास्तरांनी टोक काढलं, झाड काढलं, पाणी काढलं.

आणि वर आणखी दुकानात जाऊन थाप मारायची. "आज पहाटे टोकावर गेलो होतो. काय उजेड होता म्हणून सांगू!"

"हो का, मास्तर?" दुकानातली थेल्मा पीठ मोजत म्हणायची. "छान."

बाकीचे गप्प. एबन मास्तरांच्या कोरड्या बुटांकडे बघायचा आणि मग खिडकीबाहेर. मास्तरांना वाटायचं, अजून वचक आहे आपला.

चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी हेस्टर कोल्बी आली. बाहेर धुकं इतकं दाट की जूनमध्येही शेगडी पेटवावी लागलेली. हेस्टर बावीस वर्षांमागे विद्यार्थिनी म्हणून आली ती बेटावरचीच झाली. आता निम्मा वर्ग तीच शिकवायची. यंदाच्या तीन परीक्षकांत तीही होती. नावं झाकलेली चित्रं एकेक समोर धरायची, पसंत असेल त्यानं हात वर करायचा, दोन हात झाले की चित्र घेतलं. आत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही, अशी रीत.

"आलीस? बैस," मास्तर म्हणाले. "तू काही बोलू नकोस, रीत मला कळते. त्या दोघांनी तुझं चालू दिलं नसणार. तो दाढीवाला तर पहिल्यापासून माझ्यावर डूख धरून आहे."

हेस्टर बसली नाही. ओला कोटही तिनं काढला नाही.

"सर, त्या दोघांचे हात वर होते."

"म्हणजे?"

"म्हणजे माझाच नव्हता. दोन हात झाले होते, चित्र घेतल्यातच जमा होतं. मी भांडले, सर. अर्धा तास. शेवटी दाढीवाल्यानं हात खाली घेतला."

मास्तरांना आधी वाटलं, ही थट्टा करतेय. पण हेस्टर थट्टा करणाऱ्यांतली नव्हती.

"ते म्हणत होते, चित्रातला हात ओळखीचा आहे," ती म्हणाली. "म्हाताऱ्याचं चाळिसावं वर्ष, लागू दे भिंतीवर, आपलं काय जातंय?"

"आणि तू? तुझं काय जात होतं?" मास्तर उठले, काठी सापडेना, टेबल धरून उभे राहिले. "ब्रश कसा धरायचा ते माहीत नव्हतं तुला! माझ्या घरात जेवलीस, माझे रंग वापरलेस, माझ्या वर्गावर बसवली तुला मी. परक्यांनी हात वर केले आणि तू माझ्याच पाठीत खंजीर खुपसलास? वर्ग हवा होता ना? घे! सोमवारपासून तूच घे!"

हेस्टर जागची हलली नाही.

"पहिल्या वर्षी मी खाडीच्या चित्रात एक होडी घातली होती. आठवतंय? तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, होडी होती का तिथे? मी म्हटलं, नव्हती, पण जागा रिकामी वाटत होती. तुम्ही खरवडलीत."

"मग?"

"मग मी विचारते, सर. झाड होतं का तिथे?"

"कुठलं झाड?"

"टोकावरचं."

"होतं का काय होतं का! चाळीस वर्षं मी..."

"मार्चमध्ये पडलं, सर. वादळात. मुळासकट."

मास्तर खाली बसले. समोर भिंतीला टेकवलेलं चित्र होतं आणि त्यात ते झाड, एकेका फांदीसकट, आकाशात ताठ उभं.

मग त्यांना दुकान आठवलं. थेल्माचं 'छान'. एबनची खिडकीबाहेरची नजर. टपालवाला, पाद्री, धक्क्यावरची पोरं. दोन महिने रोज पहाटेचा उजेड सांगत होतो आपण, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं!

"सगळ्यांना माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"हसत असतील."

"कोणी हसलं नाही. एकदासुद्धा."

हे ऐकून मास्तरांना जास्त लागलं. हसले असते तर शिव्या देता आल्या असत्या. "आणि मला एकानंही सांगू नये? तू सांगू नयेस?"

"तुम्ही तापात होता. मीच सगळ्यांना बजावलं, मास्तर उठेपर्यंत झाडाचं नाव काढू नका. मला वाटलं, वर गेलात की दिसेलच. मग तुम्हीच सांगायला लागलात, रोज जातो म्हणून. मी वाट बघत राहिले. जगाला सांगा थापा, पण मला तरी सांगाल, हेस्टर, गुडघा गेला गं, मला वर घेऊन चल. पाठीवर नेलं असतं मी तुम्हाला!" आता ती रडत होती. "तुमच्या एका शब्दावर बावीस वर्षं पावसात उभी राहिलेय मी. आणि तुम्ही शेगडीपाशी बसून काढलंत. माझ्यापुढे धरलंत ते. हात कसा वर करू?"

ती खरं बोलत होती, हे मास्तरांना कळत होतं. तरी मनातून एकच गोष्ट निघेना. परक्यांनी दया केली आणि आपल्या माणसानं तीही केली नाही.

शेगडीत लाकूड तडतडलं. डिंक फुटला की स्प्रूस असंच तडतडतं.

"पडलं ते झाड," मास्तरांनी विचारलं, "अजून तिथेच आहे?"

हेस्टरनं डोळे पुसले. तिनं शेगडीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

"हेस्टर. झाडाचं काय केलं?"

"एबननं कापलं," ती हळू म्हणाली. "म्हणाला, मास्तरांचं झाड आहे, मास्तरांच्याच घरी जाऊ दे. त्यांना सांगायचं नाही, पण थंडीत ऊब तरी मिळेल."

"जा तू आता," मास्तर म्हणाले. ती दाराशी थांबली. सोमवारी वर्ग किती वाजता, असं काहीतरी विचारलं तिनं. त्यांनी मान वळवली नाही. दार लागलं.

दुपारपर्यंत शेगडी विझत आली. धुकं खिडकीला चिकटून बसलं होतं आणि घर गारठलं. मास्तरांनी शाल ओढून घेतली. हाताशीच लाकडांची पेटी होती, काठोकाठ भरलेली. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चित्राकडे, आणि ते तसेच कुडकुडत बसून राहिले.