चकचकीत स्क्रीन

“वहिनी, नीट बघून सांगा. हा ग्लॉसी स्क्रीन, चकचकीत; हा मॅट, बिनचमकीचा. दोन्ही तुमच्या लॅपटॉपला बसतात. नंतर बदलून मागाल तर मी देणार नाही.”

दुरुस्तीवाल्याने काउंटरवर दोन लॅपटॉप उघडून शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्हींवर एकाच बाळाचा फोटो होता. एकात बाळाचे गाल रंगवल्यासारखे लाल दिसत होते, दुसऱ्यात जरा मऊ, जरा फिके. वहिनींचा स्वतःचा लॅपटॉप बाजूला पडला होता. त्याच्या स्क्रीनला आडवा तडा गेला होता आणि खाली शाई सांडावी तसा काळा डाग पसरला होता.

शेजारच्या फोटो स्टुडिओतले सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून दुरुस्तीवालाही म्हणे. स्टुडिओचे फोटो त्या घरी बसून साफ करत. कुणाच्या गालावरचा फोड काढायचा, कुणाच्या मिटलेल्या डोळ्यांच्या जागी दुसऱ्या फोटोतले उघडे बसवायचे, कुणाच्या मागची मळकी भिंत पांढरी करायची. नवऱ्याची नोकरी होती तेव्हा हे काम हौसेचं होतं. आता घर त्यावरच चाललं होतं.

“आधी होता तोच द्या. चकचकीत,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, चकचकीतवाले माझ्याकडे मॅट मागायला येतात. यात काम कमी आणि स्वतःचं तोंड जास्त दिसतं.”

“दिसू दे.”

“तोंड चांगलं असलं म्हणजे असं बोलता येतं,” दुरुस्तीवाला म्हणाला. वहिनींना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येईतो दमून गेलं.

काउंटरवर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरवर मुलगा होता. तो दूर नोकरीला होता आणि नवा स्क्रीन त्याच्याच सांगण्यावरून बसवायचा होता.

“आई, मॅट घे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय? संध्याकाळ झाली की डोळ्यांतून पाणी गळतं तुझ्या.”

“गळू दे. वयच आहे गळायचं.”

“आणि स्टुडिओवाले काका म्हणतात, तुझ्या स्क्रीनवर चेहरे छान दिसतात आणि छापले की काळवंडतात. त्यांनाही मॅटच हवाय. मग तुझंच का अडलंय?”

वहिनींनी फोनचा आवाज जरा कमी केला. मुलगा म्हणाला, “बरं, ते राहू दे. चाकांच्या खुर्चीचं काय ठरवलंस? बाबांना गॅलरीत तरी आणता येईल.”

“खुर्ची नको. उठतील ते.”

“आई, व्यायामवाल्या बाईंनीच सांगितलं ना, आता यापुढे फार काही—”

“त्या बाईंना काय ठाऊक? मी बघते ना रोज.”

दुरुस्तीवाला उगाच स्क्रू निवडत बसला. वहिनींनी समोरच्या चकचकीत स्क्रीनकडे पाहिलं. बाळाच्या फोटोभोवतीच्या काळ्या जागेत मागचा रस्ता स्वच्छ उमटला होता. एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत होती. वहिनींना मान वळवावी लागली नाही.

“हाच बसवा,” त्या म्हणाल्या.

घरात एकच मोठी खोली होती. टेबल भिंतीला लावलेलं, आणि त्याच्या बरोबर मागे नवऱ्याचा पलंग. नवरा बसचा ड्रायव्हर. सगळं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं आणि निवृत्तीला थोडे दिवस उरलेले असताना अर्धं अंग गेलं. बोलणं हळूहळू परत आलं. पाय आला नाही. व्यायामवाली बाई यायची तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. “उठा, प्रयत्न करा,” असं कुणी म्हटलेलं त्याला खपायचं नाही. वहिनींनी म्हटलेलं तर मुळीच नाही. “मी काय शाळेतलं पोर आहे?” एवढं बोलून दिवसभर गप्प.

मग एकदा दुपारची जेवणं झाल्यावर वहिनी एका फोटोमागचा काळा पडदा साफ करत होत्या, आणि त्या काळ्यात त्यांना पलंग दिसला. नवऱ्याने चांगल्या हाताने कठडा धरला होता. एक पाय जमिनीवर टेकवला, दुसरा हाताने ओढून खाली घेतला आणि तो उठायचा प्रयत्न करू लागला. जरासा उचलला गेला, थरथरला, पुन्हा बसला. वहिनींचा हात माऊसवर थांबला. पण त्यांनी मान वळवली नाही. वळवली की हा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर त्या रोज बघत. कधी तो नुसता बसे, कधी गुडघे सरळ होण्याइतका उठे. दोघंही त्याविषयी बोलत नसत. त्यांनी हे मुलालाही सांगितलं नव्हतं. बोलून टाकलं तर नजर लागेल असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. या एवढ्याशा उठण्यावर त्यांचे दिवस निघत होते.

परवा त्याचा हात कठड्यावरून सुटला. वहिनींना ते स्क्रीनमध्ये आधीच दिसलं. त्या झेपावल्या आणि त्याला पडता पडता धरलं. त्या घाईत कोपर लागून लॅपटॉप खाली गेला. तो वाचला, स्क्रीन फुटला. मुलाला त्यांनी सांगितलं, “हातून पडला.”

दुकानातून आल्यावर वहिनींनी पिशवी खुंटीला लावली आणि पदराने तोंड पुसलं.

“मिळाला?” नवऱ्याने विचारलं. शब्द एकेक करून येत, पण नीट येत.

“उद्या बसवून देतो म्हणाला.”

“कोणता सांगितलास?”

“होता तसाच.”

तो छताकडे बघत होता. “मॅट सांग.”

“तुम्हाला हो काय करायचंय? काम मला करायचंय.”

“मॅट सांग गं. त्यात मागचं दिसत नाही.”

वहिनी पाणी घ्यायला निघाल्या होत्या. तिथेच थांबल्या.

“जन्मभर आरशात बघून गाडी चालवली मी,” तो म्हणाला. “आरशात बघणाऱ्याची मान हलत नाही. पण तो एक क्षण बाकी सगळं सोडतो. तू बघायला लागलीस की तुझ्या माऊसची टकटक थांबते.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि तरी उठत होतात?”

“टकटक थांबली की उठायचो.”

वहिनींना ते कळायला जरा वेळ लागला. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “आणि नाही थांबली तर?”

“तर पडून असायचो.”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी “येऊ दे, येऊ दे” म्हणून ओरडत होता.

“एकदा सहज उठून बघितलं,” तो म्हणाला. “त्या दिवशी संध्याकाळी तू भाजी निवडताना गुणगुणत होतीस. किती दिवसांनी. म्हटलं, एवढ्याने हिला बरं वाटतंय तर काय जातंय आपलं? मग रोजचंच झालं ते.”

“मला वाटलं, तुम्हाला उठायचंय.”

“सुरुवातीला वाटायचं मलाही.” त्याने मान वहिनींकडे केली. “पाय माझा आहे. त्यात काही उरलंय की नाही, मला कळतं ना. परवा हात सुटला तेव्हा तू पोचली नसतीस तर बरं झालं असतं, असं आलं मनात.”

“असलं बोलायचं नाही.”

“नाही बोलत. दमलोय, एवढंच सांगतोय. रोज दुपारी ड्युटीला निघाल्यासारखं होतं. आता जरा सुटी दे.”

वहिनींनी त्याच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. त्यांना रागही आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. मग त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“मॅट बसवा.”

“बघा, मी सांगत होतो. शेवटी पटलं ना?”

“हो,” वहिनी म्हणाल्या.

दुसरा फोन मुलाला. तो मीटिंगमध्ये होता, हळू आवाजात बोलला. “खुर्ची मागव,” एवढंच त्या म्हणाल्या. त्याने “का? काय झालं?” विचारलं तेव्हा म्हणाल्या, “काही झालं नाही. गॅलरीत ऊन बरं असतं हल्ली.”

नवा स्क्रीन खरंच चांगला होता. डोळ्यांना गार वाटे. स्टुडिओवाल्याने पहिल्याच खेपेला फोन करून सांगितलं, “वहिनी, आता चेहरे माणसासारखे छापले जातायत.” वहिनी एका लग्नाचे फोटो साफ करत होत्या. नवरीमागचा पडदा काळा होता. त्या काळ्यात पडदाच दिसत होता, त्यावरची धूळ, एक सुटलेला धागा. त्यांनी धागा काढला, धूळ काढली. मग काढण्यासारखं काही उरलं नाही तरी त्या तिथेच बघत बसल्या. मागे पलंग वाजला नाही.

त्यांनी बसल्या बसल्या आपली खुर्ची पलंगाकडे फिरवली. सरळ, सगळी, आवाज करत.

नवरा जागाच होता. आडवा, एक हात छातीवर, दुसरा कुठे पडला होता तिथे पडलेला.

“काय गं?”

“काही नाही. बघतेय.”

तो उठायला गेला नाही. पांघरूणही त्याने ओढून घेतलं नाही.

“बघ,” तो म्हणाला, आणि त्यांच्या समोरच त्याचा डोळा लागला.