उतारावरचा प्राण

त्या रविवारी जुन्या गाड्यांच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाडी घ्यायची असलेले आले होते, नसलेलेही आले होते, आणि ज्यांना गाडीचा ब्रेक कुठे असतो तेही ठाऊक नाही असे लोक सगळ्यांत पुढे रेटून उभे होते. आवाराचा मालक खुर्च्या पुरेनात म्हणून टायर मांडत होता. कारण प्राणबाबा आज थकलेल्या बॅटऱ्यांत पुन्हा जीव घालणार होते.

बाबांचा अवतार अर्धा साधूचा, अर्धा मेकॅनिकचा. अंगात पायघोळ पांढरा डगला आणि त्याच्या खिशाला लावलेला टेस्टर. तो टेस्टर त्यांनी कधी कशाला टेकवलेला कुणी पाहिला नव्हता.

"बॅटरी म्हणजे काय?" बाबा डोळे मिटून विचारत आणि स्वतःच उत्तर देत. "दमलेला जीव! त्याला लहरी लागतात, कंपनं लागतात, प्रेम लागतं. कारखानेवाले हे तुम्हाला सांगणार नाहीत. सांगितलं तर नव्या गाड्या कोण घेईल?"

गर्दीने माना डोलावल्या. लहरी म्हणजे काय हे कुणाला कळलं नव्हतं, पण कारखानेवाले लबाड असतात हे सगळ्यांना पटलं होतं.

मग विधी सुरू झाला. एका जुन्या विजेच्या गाडीत मालकाने डोकं घातलं आणि ती अजून किती किलोमीटर जाईल म्हणून पडद्यावर दाखवते तो आकडा मोठ्याने वाचला. एकशे दहा. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, ओठ पुटपुटले. गाडी एका ट्रकवर चढवून आवारामागच्या टेकडीच्या माथ्यावर नेली, कारण प्राण घेताना तिने स्वतः चढ चढायचा नसतो. तिथून बाबांचा एक शिष्य तिला वळणावळणाच्या रस्त्याने हळूहळू खाली घेऊन आला. गाडीत दुसरं कुणी बसायचं नाही, एसी लावायचा नाही, घाई करायची नाही. एसीच्या वाऱ्याने प्राण विझतो म्हणे. गाडी खाली पोचली आणि मालकाने पुन्हा आकडा वाचला. दोनशे चाळीस!

टाळ्यांचा नुसता कडकडाट. एका म्हाताऱ्याने तर बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला.

गर्दीत एकच बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती गाडी शिकवण्याचा क्लास चालवायची आणि सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. ती इथे तमाशा बघायला आली नव्हती. ती गाडी तिच्या धाकट्या बहिणीने पसंत केली होती.

धाकटी नर्स होती, बाळंतपणं करणारी. पुढच्या आठवड्यापासून तिची नेमणूक खिंडीपलीकडच्या वस्त्यांवर होती. तिथे दवाखाना नाही, चार्जिंगची सोय नाही. घरून निघायचं, खिंड चढायची, काम करायचं आणि त्याच चार्जवर परत यायचं. कधी अडलेल्या बाईला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात आणायचं. खिंडीत गाडी थांबली तर एकाच वेळी दोन जीवांशी गाठ होती.

"तुझ्या डोळ्यांदेखत आकडा चढला ना, ताई?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता, कारण कालपासून दोघींचं यावरूनच वाजत होतं.

"चढला. पण गाडी कुठे चढली?" ताई म्हणाली.

हे तिच्या तोंडून सहज निघून गेलं आणि मग तिच्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. क्लासची गाडीही विजेचीच होती. मागे तिच्याकडे एक निवृत्त कारकून शिकायला यायचे, भयंकर भित्रे. उतारावरसुद्धा ब्रेकवरचा पाय काढायचे नाहीत, आणि एसीचं बटण दाबताना लक्ष उडेल म्हणून घामाने थबथबून बसायचे. त्यांचा धडा संपला की पडद्यावरचा आकडा चांगला फुगलेला असायचा. त्यांच्यानंतर एक दांडगट पोरगी यायची, ती गाडी अशी दामटायची की आकडा धाडकन खाली. बॅटरी तीच, गाडी तीच. ताईला तेव्हा गंमत वाटली होती, आता मात्र तिचं डोकं सणकलं.

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. मागून धाकटीने पदर ओढला, उगाच शोभा करू नकोस म्हणाली. शेजारचा शिंपी हात जोडून म्हणाला की बाबांना डिवचू नका. त्यानेही इथूनच गाडी घेतली होती आणि ती तिसऱ्या दिवशीच रस्त्यात बंद पडली होती. पण दोष त्याचाच होता, त्याच्या मनात शंका आली होती, असं बाबांनीच त्याला सांगितलं होतं. बिचारा पुन्हा हात ठेवून घ्यायला आला होता.

"बाबा," ताई म्हणाली, "मीही एक चमत्कार करते. तुमची हरकत नसावी."

नाही म्हणायची सोय नव्हती, लोक आधीच टायरांवर चढून बघू लागले होते. ताईने क्लासची गाडी एसी लावून, दामटत आणवली. शिंप्यालाच आकडा वाचायला सांगितला. हात न लावता, मंत्र न म्हणता गाडी ट्रकवर चढवून माथ्यावर नेली आणि त्या भित्र्या कारकुनासारखी रमतगमत खाली आणली. शिंप्याने आत डोकावून आकडा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. जवळजवळ दुप्पट झाला होता.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. बाबा मात्र मुरलेले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि घोषणा केली की या बाईंच्या ठायीसुद्धा शक्ती जागृत झाली आहे. दोघा-तिघांनी खरोखरच ताईच्या पायांकडे वाकायला सुरुवात केली.

"उठा," ताई ओरडली. "शक्ती माझ्यात नाही, उतारात आहे."

मग तिने क्लासमध्ये सांगते तसं सांगितलं. गाडीला पुढचा रस्ता दिसत नाही. आत्ता थोड्या वेळापूर्वी तुम्ही कशी चालवलीत ते ती बघते आणि असंच चालत राहील असं धरून अंदाज करते. सकाळी शिष्य याच गाड्या एसी लावून टेकडीवर दामटत होते ते येताना सगळ्यांनी पाहिलं, म्हणून आकडा आधी पडला. मग उतारावरून आणली, तिथे वीज लागतच नाही, उलट चाकांतून थोडी परत येते, म्हणून आकडा फुगला. बॅटरी जितकी म्हातारी होती तितकीच आहे.

"हिला आता चढावरून नेऊ," ती बहिणीच्या गाडीवर थाप मारून म्हणाली. "एसी लावून, माणसं बसवून."

"चढावर प्राण विखुरतो!" बाबा पहिल्यांदाच घाईने बोलले.

"माझ्या बहिणीचा रस्ता चढाचाच आहे."

मालक किल्ली देईना. तेव्हा धाकटीने हात पुढे केला. तिची निवड होती, तिचा हक्क होता, आणि तिचा चेहरा उतरला होता. मालकाने किल्ली दिली. शिंपी, म्हातारा आणि ताई बसले, धाकटीने गाडी काढली. टेकडीच्या अर्ध्यावर दोनशे चाळीसचे दीडशे झाले. माथ्यावर शंभरही उरले नव्हते. धाकटीने तिथेच गाडी वळवून खाली आणली.

खाली बाबा तयारच होते. म्हणाले, संशयाने प्राण गेला, गाडीत पापी मन बसलं होतं.

ताई बोलणार होती, पण धाकटीने तिला मागे सारलं.

"मी नर्स आहे," ती म्हणाली. "थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून पेशंटचा ताप उतरत नाही. हे मला कळायला हवं होतं. तुम्ही आकड्याला औषध दिलंत, बाबा, बॅटरीला नाही. खिंडीत माझ्या गाडीत कळा देणारी बाई असती, गाडी थांबली असती, तर तुम्ही तिलाच सांगितलं असतं, तुझ्या मनात शंका आली म्हणून?"

बाबांनी डगला सावरला आणि आज कंपनं अनुकूल नाहीत म्हणून निघाले. जाताना घाईत त्यांच्या खिशातला टेस्टर खाली पडला. शिंप्याने तो उचलून दाबून पाहिला, त्यात दिवाच नव्हता. आवारात हशा पिकला आणि त्या हशात सगळ्यांत मोठा आवाज शिंप्याचा होता.

धाकटीने नंतर दुसरीच गाडी घेतली. आधी ती विकणाऱ्याच्या ओळखीच्या नसलेल्या वर्कशॉपमध्ये नेऊन बॅटरीत मूळ ताकदीचा किती हिस्सा उरलाय ते यंत्र लावून मोजून घेतलं. बॅटरीची हमी अजून शिल्लक आहे का आणि ती नव्या मालकाला लागू पडते का, हे कागदावर पाहिलं. सारखी झटपट चार्ज केलेली, उन्हात तापत ठेवलेली गाडी नको म्हणाली. आपल्या चार्जरची पिन तिच्यात बसते की नाही तेही लावून पाहिलं. आणि शेवटी ताईला शेजारी बसवून, एसी लावून, सामान भरून खिंड चढली आणि परत आली. आकडा काही डोळे दिपवणारा नव्हता. पण घरी पोचल्यावर चार्ज उरला होता.

पहिल्याच आठवड्यात तिचा पलीकडून फोन आला. बाळ आडवं होतं, आईला घेऊन इस्पितळात पोचले, दोघं सुखरूप आहेत. ताईला रडू आलं ते तिने लपवलं नाही.

आता तिच्या क्लासमध्ये गाडी घ्यायला निघालेला माणूस आला की ती त्याला एवढंच बजावते. बाबांनो, गाडी कुणाच्या हाताने बरी होत नाही आणि तुमच्या शंकेने बिघडतही नाही. शंका घ्या, खुशाल घ्या, भरपूर घ्या. जो म्हणतो शंका घेऊ नका, त्याच्या हातून किल्ली घेऊ नका. आणि गाडी पाहायचीच असेल तर चढावर पाहा.