एकाच ओळीचा फळा

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, माझा खालचा बहुतेक भाग पोटभर जेवलेल्या माणसासारखा फुगलेला आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी सांगणार आहे ती गोष्ट त्याच फुगवट्याची आहे आणि तो माझा दागिना आहे.

एका सुताराने चांगल्या वाळलेल्या फळ्या जोडून मला घडवलं. रंधा फिरवताना तो शीळ घालायचा, म्हणून जन्मापासून मला गाण्याची गोडी. काळा रंग बसला, चौकट आली, वर दोन कड्या ठोकल्या गेल्या आणि मी वाचनालयाच्या व्हरांड्यात दाराशेजारी लटकलो.

ग्रंथपाल तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. सगळा रस्ता त्यांना ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. सकाळी कुलूप काढलं की ताई बाह्या सरसावून ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायच्या आणि सुरेख अक्षरात लिहायच्या: ‘आजच्या दिवशी’. त्याखाली पाच-सहा ओळी. कोणाचा जन्म, कुठली लढाई, कशाचा शोध. जागा भरपूर होती, त्यामुळे कोणालाच नाही म्हणावं लागत नव्हतं. पण खरं सांगू? तेव्हा माझ्यासमोर कोणी थांबतही नव्हतं. ताटात दहा पदार्थ असले की एकाचीही चव लक्षात राहत नाही, तसं.

मग एका भर दुपारी रस्त्याखालचा पाण्याचा मोठा नळ फुटला. बघता बघता पाणी पायऱ्या चढून आत शिरलं. खालच्या कप्प्यांतली पुस्तकं उचलता उचलता ताईंनी हाक मारली, “अहो, कोणी आहे का?” कोणी नव्हतं असं झालंच नाही! समोरचे शिंपीकाका गळ्यात टेप तशीच ठेवून धावले. सायकलवाला हात ग्रीसने माखलेले घेऊन आला आणि त्याने “आधी हात धू!” अशी सगळ्यांची बोलणी खाल्ली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी आल्या आणि त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. हातातून हातात, वाचनालयातून शिंपीकाकांच्या माळ्यापर्यंत पुस्तकं निघाली. मावशींनी वर गाणं धरलं:

हाती घे गं, हाती दे गं, पुढच्या हाती दे,
पाय भिजू दे, पान नको, माथ्यावरून ने!

शेवटी जाडजूड ग्रंथ उरले. हातांना पेलवेनात. तेव्हा मावशी म्हणाल्या, “हा फळा काढा की खाली! याला काय नुसतं लटकायचा पगार आहे?” झालं, मी तराफा झालो. पाठीवर ग्रंथांची चवड आणि पुढे मावशींचा हात. मित्रांनो, आयुष्यभर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला त्या दिवशी कळलं, की जगात तरंगणंही असतं!

त्याच पाण्याने माझा खालचा भाग फुगला. ताईंनी मला दिवसच्या दिवस उन्हात वाळवलं, पण तिथे खडू घसरू लागला तो घसरूच लागला. वर जेमतेम एका ओळीची जागा उरली. कोणीतरी म्हणालं, “नवा घ्या.” ताई म्हणाल्या, “एक ओळ पुरे आहे.”

एकच ओळ म्हटल्यावर निवड आली. ताई खडू हातात घेऊन रस्त्याकडे बघत स्वतःशीच विचारायच्या, ‘आज कोण हरखेल?’ शिवणयंत्राचा दिवस आला तेव्हा शिंपीकाकांनी स्वतःसाठी शिवलेला कोट पहिल्यांदा घातला आणि दिवसभर माझ्याशेजारी असे उभे राहिले, की जणू यंत्र त्यांनीच शोधलं! आता लोक थांबू लागले, मोठ्याने वाचू लागले. माझे सोन्याचे दिवस सुरू झाले.

आणि मग आले दादा. म्हणजे ताईंचे थोरले बंधू. जन्मभर परगावच्या शाळेत इतिहास शिकवून, निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला आलेले. रस्ता त्यांना गुरुजी म्हणतो. गुरुजींना हव्या लढाया आणि तह, ताईंना हवा चष्मा, लस, आगपेटी. रोज सकाळी माझ्यासमोर जुंपायची.

“अगं, साम्राज्य कोसळलं या दिवशी!”

“कोसळू द्या दादा, आपल्या रस्त्यावर कोणाच्या डोक्यात पडलं नाही ना?”

एकदा तर एकाने पुसलं, दुसऱ्याने लिहिलं, अर्धं पुसायचं राहिलं आणि माझ्यावर उमटलं: ‘आजच्या दिवशी सेनापतीने आगपेटीला वेढा दिला.’ शिंपीकाका वाचून इतके हसले की तोंडातली टाचणी खाली पडली.

अशातच तो दिवस आला. गुरुजींच्या सर्वांत लाडक्या तहाला त्या दिवशी तीनशे वर्षं पूर्ण होत होती. वर्गावर्गात त्यांनी तो जीव ओतून शिकवला होता. आणि नेमकी तीच तारीख नळ फुटल्याची. आपलीच आरती आपण कशी ओवाळायची, म्हणून ताईंनी ती ओळ कधी लिहिली नव्हती. पण यंदा मावशी दुकान बंद करून दूर, लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. त्याच दुपारी.

“दादा, आज नळाचा दिवस लिहू या,” ताई म्हणाल्या.

“नळाचा? कुठल्या पुस्तकात आहे तो?”

“पुस्तकंच पाण्यात होती, लिहिणार कशात?”

“जे लिहिलेलं नाही तो इतिहास नव्हे, गप्पा! आणि तीनशे वर्षं पुन्हा होणार नाहीत.”

“मावशीही पुन्हा या रस्त्यावर असणार नाहीत,” ताई हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या. गुरुजींनी तह लिहिला. मी काय बोलणार? माझ्या अंगावर नेहमी दुसऱ्यांचेच शब्द.

मावशी गाठोडं घेऊन निरोपाला आल्या. माझ्यावरचा तह त्यांनी नीट वाचला आणि माझ्या फुगवट्यावर हात फिरवून म्हणाल्या, “काय रे तराफ्या, येते हं.”

गुरुजी चमकले. “तराफ्या?”

“अहो, यानेच तर तुमचे ते जाडे ग्रंथ तारले! मी ओढला याला.”

“मागून मी ढकलत होतो!” शिंपीकाका रस्ता ओलांडत ओरडले.

“काका, तुम्ही माळ्यावर होता,” सायकलवाल्याने टोला हाणला. “ढकलत मी होतो.”

“तू हात धूत होतास!”

गुरुजींचे डोळे लुकलुकले. जन्मभर त्यांनी साक्षीपुरावे पुस्तकांतच वाचले होते. आज साक्षीदार समोर भांडत होते! “थांबा, थांबा, एकेकाने बोला! मावशी, आधी तुम्ही. गाणं कोणतं होतं?” मावशी गायला लागल्या, रस्ता साथीला आला. गुरुजी उलटसुलट प्रश्न विचारत व्हरांड्यात नुसते नाचत होते. शेवटी ते माझ्यापाशी आले, फडकं उचललं आणि आपला लाडका तह आपल्याच हाताने पुसला.

आवाज ऐकून ताई दारात आल्या होत्या. “दादा, अहो, तुमची तीनशे वर्षं?”

“तह म्हणजे काय गं? एकाने एक पाऊल मागे यायचं. तोच करतोय.”

आणि त्यांनी लिहिलं: ‘आजच्या दिवशी या रस्त्याने आपल्या वाचनालयाची पुस्तकं कोरडी ठेवली.’ मावशींनी ते मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डोळे पुसत इतक्या हसल्या की त्यांना न्यायला आलेल्या गाडीवाल्याला दोनदा भोंगा वाजवावा लागला.

गुरुजी मात्र थांबले नव्हते. ते गुडघ्यावर बसले आणि जिथे खडू घसरतो तिथे, माझ्या फुगवट्यावर, जोर देऊन वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहू लागले: ‘साक्षीदार: हा फळा.’ मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर माझी ओळ होती.

दुसऱ्या दिवशी ओळ झळकली: ‘काल एका थोर तहाला तीनशे वर्षे झाली. उशिराबद्दल क्षमस्व.’

मला आता फार काही नको. ओल्या फडक्याने पुसा, अधूनमधून ऊन दाखवा. एवढं मात्र करा: आजचा दिवस कोणाचा, हे ठरवायची पाळी तुमच्यावर आली तर पुस्तकात जरूर बघा, पण एकदा मान वर करून रस्त्यावरही बघा. तिथे कोणीतरी गाठोडं घेऊन निघालेलं असेल. त्याची ओळ आधी लिहा. तह थांबतो, मी स्वतः पाहिलंय.