एल-चौदाच्या अंगावरची भोकं

मी एक जुनी खुर्ची आहे. चंद्रिका टॉकीज, चिंचवड, रांग एल, नंबर चौदा. मित्रांनो, तुमच्या पुस्तकांतल्या जुन्या वस्तू फार गोड बोलतात. मला ते जमणार नाही. माझ्या अंगावर एकोणचाळीस भोकं आहेत आणि त्यातलं एकही उंदरानं पाडलेलं नाही. सगळी माणसांनी पाडली, नखानं, भिकार पिक्चर बघता बघता.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नागसेन नावाच्या वेल्डरनं माझे पाय जोडले, आत नारळाचा काथ्या भरला, वरून तांबडं रेक्झिन ताणून बसवलं. मग तो माझ्यावर तीनदा दाणकन बसला. बाहेर टेम्पो उभा होता आणि शेडचा मालक ओरडत होता.

"नागसेन, अरे बस झालं की बसणं. चारशे खुर्च्या जायच्यात."

"बसून बघितल्याशिवाय एक पण सोडणार नाही," नागसेन म्हणाला. "पिक्चर पडला तर पडू दे. माणूस नाही पडला पाहिजे."

मी तेव्हा कोरी होते. मला वाटलं, जगात सगळेच असं काम करत असतील, शेवटी बसणाऱ्या माणसाला डोक्यात ठेवून. चूक होती माझी. पडदा लागला आणि कळली.

आमच्या पट्ट्यात एक गोष्ट वेगळी आहे. बाकी दुनियेचा रविवार, तो आमचा गुरुवार. कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. नवा पिक्चर लागतो शुक्रवारी, म्हणजे आमच्या कामगारांच्या वाट्याला तो सहा दिवस शिळा होऊन येतो. तोवर शहरातल्या लोकांनी मोबाईलवर त्याची चिरफाड केलेली असते. तरी माणसं येतात. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकापोरांना घेऊन येतात. आठवड्यात एकच दिवस त्यांच्या मालकीचा असतो आणि त्यातले तीन तास ते आमच्या हवाली करतात.

पिक्चर चांगला आहे की वाईट, हे मला पडद्याकडे न बघता कळतं. चांगला असला की माणूस पुढे सरकतो. हळूहळू माझ्या पुढच्या कडेवर येतो. मी अर्धी रिकामी होते, पाठीवरचा भार जातो. असे काही गुरुवार मी अनुभवलेत आणि त्या दिवशी कोणी मला शाबासकी दिली नाही तरी मी खूश असायचे. वाईट असला की माणूस घसरतो, पसरतो, सुस्कारा सोडतो. मग त्याचा हात माझ्या रेक्झिनवर येतो आणि बोट टोकरायला लागतं.

एकदा कारखान्यावरचा पिक्चर लागला होता. माझ्यावर ज्योतीराम बसला होता. लातूरकडचा माणूस, चाकणला प्रेस मशीनवर काम करतो, रहाटणीला भाड्यानं राहतो. शेजारी त्याची बायको वर्षाली. पडद्यावर हिरो कामगार होता. गळ्यात लांब मफलर घालून, हिरोईनकडे बघत बघत तो प्रेस चालवत होता.

"ह्याची बोटं कवाच गेली असती," ज्योतीराम म्हणाला.

"अन् मफलर आत ओढला असता, मग मुंडकं," वर्षाली म्हणाली.

मागून कोणीतरी ओरडलं, "राव, ह्याला एक दिवस आमच्या शिफ्टला पाठवा."

आख्खं थेटर हसलं. पण ते हसू चांगलं नव्हतं. या लोकांचं काम दाखवायचं होतं आणि यांच्यातल्या एकालाही विचारायची तसदी कोणी घेतली नव्हती. इंटरव्हलच्या आत ज्योतीरामनं मला भोक पाडलं. नंबर एकतीस. मला त्याचा राग आला नाही. मला मफलर घालणाऱ्याचा आला, आणि घालू देणाऱ्याचा जास्त.

आता मोठं प्रकरण सांगते.

ज्योतीराम ज्यांच्या खोलीत राहतो ते सोनबा. रहाटणीचं जुनं शेतकरी घर. शेतं गेली, तिथं इमारती आल्या, मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांची रांग आली. सोनबांची बायको शालनबाई तापानं तीन दिवसांत गेली, तेव्हा मुलगा कुलदीप दोन वर्षांचा होता. घरात तिचा एकही फोटो नाही. तेव्हा फोटो काढायला कोण जात होतं? तिचं तोंड जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, सोनबांच्या डोक्यात.

कुलदीप मोठा झाला आणि त्याला पिक्चर काढायची हौस आली. वडिलांवरच काढतो म्हणाला. "दादा, तुम्ही फक्त सांगा. आईला पडद्यावर आणतो." म्हाताऱ्यानं सहा महिने रोज बसून सांगितलं आणि कुलदीपनं ते मोबाईलमध्ये भरून घेतलं. शालन कशी चालायची, कशी हसायची, समोरचा दात कसा पडला, सगळं.

पिक्चरचं नाव ठेवलं 'सोनबा : रहाटणीचा ढाण्या'. तरुण सोनबा झाला स्वतः कुलदीप. शुक्रवारी पहिला खेळ लागला तेव्हा बाहेर ढोलताशा होता, फ्लेक्सवर कुलदीप बुलडोझर अडवताना दिसत होता आणि खोल्यांतले सगळे भाडेकरू दांडी मारून हजर होते. मालकाचा पिक्चर, न येऊन सांगता कोणाला? मानाची जागा म्हणून सोनबांना मधोमध माझ्यावर बसवलं. डोक्याला फेटा होता.

मित्रांनो, मी चाळीस वर्षांत बरेच भंगार पिक्चर बघितलेत, पण याच्यासारखा नाही. ढाण्या चामडी बूट घालून नांगरत होता. एका बुक्कीत बैलगाडी उडवत होता. खलनायक तर गोठ्यातही काळा चष्मा काढत नव्हता. आणि शालन? गोरीपान, उंच टाचांची चप्पल, ज्वारीत धावत गाणं म्हणणारी. ताप तिला आलाच नाही. खलनायकानं तिला घरासकट जाळलं, म्हणजे ढाण्याला सूड घ्यायला कारण मिळालं.

पडद्यावर बाई आली की सोनबा पुढे सरकायचे. मग मागे टेकायचे. पुन्हा बाई आली की पुढे, पुन्हा मागे. असं नऊ वेळा झालं. एकदाही त्यांनी मला टोकरलं नाही.

खेळ संपल्यावर शिट्ट्या झाल्या. "भावा, कडक." "नाद नाही करायचा." ज्योतीराम म्हणाला, "भाऊ, एक नंबर." ज्यांनी शालनबाईंना पाहिलं होतं ते म्हणाले हुबेहूब, ज्यांनी नव्हतं पाहिलं तेही म्हणाले हुबेहूब. वर्षाली सोनबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आबा, आजी अगदी जिवंत वाटल्या." सोनबा सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

शनिवारपासून थेटर रिकामं पडलं. गुरुवार उजाडला, खरी पब्लिक येण्याचा दिवस, आणि दुपारच्या खेळाला तीन माणसं आली. सोनबा माझ्यावर बसले. डावीकडे वर्षालीला बसवलं, तिच्या पलीकडे ज्योतीरामला. यांनाही सोनबांनीच आणलं होतं.

"पोरी, ध्यान दे," सोनबा म्हणाले. "ती आली का मला ढोसायचं."

"कोण, आबा?"

"शालन. शुक्रवारी माझा डोळा लागला आसंल. समदी म्हणत्यात हुबेहूब दिसली. तू बी म्हणालीस. मला तर ती कुटंच दिसली न्हाई." मग आवाज खाली गेला. "का मलाच आता तिचं तोंड आठवत न्हाई, कळंना झालंय. सा दिस झालं, अन्न ग्वाड लागत न्हाई."

ज्योतीराम वर्षालीच्या कानाशी वाकला. "गप ऱ्हाय. कोणती बी बाई आली की ढोस अन् मोकळी हो. खोली त्यांची हाय."

मॅनेजर आला. दहा माणसं नसतील तर खेळ लावत नाहीत, म्हणाला. सोनबा उठेनात. शेवटी त्यानं कुलदीपला फोन लावला. कुलदीप पंधरा मिनिटांत आला, गॉगल कपाळावर, तोंड उतरलेलं. "लावा," म्हणाला. "माझा पिक्चर आहे आणि माझा बाप आहे." तो एल-पंधरावर बसला.

दिवे गेले. ज्वारीतली बाई धावत आली.

"ही?" सोनबांनी विचारलं.

वर्षालीचा हात हलला नाही. पाळण्याजवळची बाई रडायला लागली.

"ही का?"

हात हलला नाही. कुलदीपच बोलला. "दादा, हीच की आई. आता आगीचा सीन येईल बघा."

"हिचे दात समदे हायेत," सोनबा म्हणाले. मग माझ्या पाठीला टेकले, इतके जड की माझे जुने जोड करकरले. "आसंल. एवढी माणसं म्हणत्यात तर आसंल. माझंच डोकं गेलं."

मित्रांनो, इथं मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. एक वाईट पिक्चर माणसाचे तीन तास खातो, ते मी सोसलंय. पण इथं एका माणसाकडे बायकोचं उरलेलं एकुलतं एक तोंड होतं. आम्ही सगळे, शिट्ट्या मारणारे, हुबेहूब म्हणणारे, ते त्याच्या डोक्यातून पुसत होतो.

"आबा," वर्षाली म्हणाली, "तुमचं डोकं ठिकाणावर हाय."

"वर्षाली," ज्योतीराम म्हणाला.

"तुम्ही थांबा हो. आबा, तुमचा डोळा लागला नव्हता. ह्या आजी न्हाईत. आजी ह्या पिक्चरमध्ये कुठंच न्हाईत. मी खोटं बोलले. समदेच खोटं बोलले. पिक्चर भंगार हाय."

एल-बारावर ज्योतीराम इतका खाली घसरला की खुर्ची रिकामी वाटावी.

"काय म्हणालीस?" कुलदीप उठून उभा राहिला.

"ऐकलंत की, भाऊ. आजींचा दात रहाटाच्या दांड्यानं पडला. आबांनी मला सांगितलंय, मी नळावर भांडी घासत होते तवा. मला एकदा सांगितलं तर ध्यानात हाय. तुम्हाला सहा महिने सांगितलं. ते कामून न्हाई घेतलं?"

"अगं, पब्लिकला तसलं चालत नाही. पब्लिकला फायटिंग लागते, गाणी लागतात. पडलेल्या दाताची हिरोईन कोण बघणार?"

"आन् मी कोण रं?" सोनबा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता. "मी पब्लिक न्हाई व्हय?"

कुलदीप खाली बसला. पडद्यावर घर जळत होतं, ढाण्या आभाळाकडे बघून ओरडत होता. मला शेजारून एक ओळखीचा आवाज आला. बारीक, चर्रर्र. कुलदीप एल-पंधराचं रेक्झिन नखानं टोकरत होता, स्वतःच्याच पिक्चरला.

मग त्यानं मागे वळून मशीनवाल्याला सांगितलं, "बंद कर रे."

दिवे लागले. सोनबांनी विचारलं, "त्या मोबाईलात हाय ना माझं बोलणं?"

"मोबाईल बदलला, दादा." कुलदीप जमिनीकडे बघत होता. "शूटिंग संपल्यावर."

पांढरा पडदा समोर तसाच होता. सोनबांनी फेट्याविनाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मंग ऐक परत. हिरीवर पाणी काढत हुती. दांडा सटाकला आन् बसला तोंडावर. दात उडून पाण्यात. मी पळत ग्यालो, म्हनलं आता ही रडंल. रगात पुसलं आन् हासाय लागली. बायका तवा तोंडाला पदर लावून हसायच्या. हिनं कदी लावला न्हाई, दात पडल्याव बी न्हाई. म्हनली, आवं, आता हिरीपासनं जपून ऱ्हावा. तिला दात आलाय."

वर्षाली फसकन हसली. ज्योतीराम एल-बारावरून वर आला. शेजारची एल-पंधरा कुरकुरली आणि मला कळलं, कुलदीप कडेला आलाय. तोंड उघडं, लहान पोरासारखं. "मग?" म्हणाला. "मग काय झालं, दादा?"

आणि सोनबा माझ्या अगदी पुढच्या कडेवर होते. कित्येक वर्षांनी मी अर्धी रिकामी झाले होते. समोर पिक्चर नव्हता.

पुढचं सगळं गोड झालं असं समजू नका. कुलदीपनं वर्षालीशी दोन महिने बोलणं टाकलं. खोली मात्र राहिली, सोनबांनी राखली. पिक्चर त्याच संध्याकाळी उतरला. शुक्रवारी नवा लागला, त्यात एक डॉक्टरीण हातभर बांगड्या घालून ऑपरेशन करते. तेव्हा भोक नंबर एकोणचाळीस पडलं.

दिवाळीनंतर आम्हाला काढून नव्या मऊ खुर्च्या बसवणार आहेत म्हणे. त्यांच्यावर कोणी तीनदा बसून बघणार आहे का, मला माहीत नाही. तुम्ही त्यांची काळजी घ्या, एवढंच मागते. त्यांना पुसा, पाय देऊ नका, हे सगळे सांगतातच. मी दुसरं सांगते. पिक्चर भंगार असेल तर खुर्चीला टोकरू नका. तिनं काही केलेलं नसतं. बाहेर या आणि ज्यानं काढलाय त्याच्या तोंडावर सांगा, मग तो तुमचा घरमालक का असेना. आत कोणीतरी म्हातारं माणूस बसलेलं असतं, तुमच्या टाळ्या ऐकून स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत.