मुनीची कापसाची दाढी

मी एक दाढी बोलतेय. हसू नका. कोणाच्या हनुवटीवर उगवलेली नव्हे, कापसाची. दोन दोऱ्यांनी कानाला लटकून राहायचं, एवढंच माझं काम.

मूर्तिजापुराहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीवाटेवर आमचं गाव. मनकर्णा नावाच्या बाईनं मला केलं. कापूस वेचायच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभात ठेवून सीतादहीची पूजा करतात, त्या दिवशीच्या पहिल्या ओंजळीतली मी. ते दिवस काय सांगू! सातासमुद्रापार कुठंशी लढाई जुंपली म्हणे, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या उसवल्या, उशा उसवल्या आणि सगळं बाजारात नेलं. शेजारणी मनकर्णेला म्हणाल्या, असा कापूस दाढीत घालतेस, येडी झालीस का? तिनं कान दिला नाही. बसून सरकी काढली आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीवर टाके घालून मला बसवलं.

हे सगळं नवऱ्यासाठी. नवरा चंद्रभान, अकोल्याकडून आलेला घरजावई. रामनवमीच्या दिवसांत देवळापुढं दुपारी रामाची सोंगं व्हायची, त्यात हा बारा वर्षं म्हातारे करत होता. कधी यज्ञातला ऋषी, कधी वाटेवरचा साधू. 'कल्याण असो' म्हणायचं आणि पडद्यामागं जाऊन बसायचं. पण त्या दोन शब्दांसाठी पठ्ठ्या सकाळपासून उपास धरायचा. म्हातारपणी गुडघा कसा वाकतो ते पाहायला गावातल्या म्हाताऱ्यांच्या मागं मागं फिरायचा आणि त्यांच्या शिव्या खायचा. लोकांनी त्याला 'मुनी' करून टाकलं. पाटलापासून पोरासोरांपर्यंत सगळे मुनीच म्हणत. बायको तर नवऱ्याचं नाव घेतच नाही. त्यामुळं खरं नाव घेणारं गावात कोणी उरलं नाही.

त्याला एकदाच दशरथ व्हायचं होतं. मोठं काम म्हणून नव्हे हं. आमच्या गावची रीत अशी की सोंगात जो मरतो, त्यानं आपण होऊन उठायचं नाही. त्याच्या घरच्या माणसानं पुढं येऊन खऱ्या नावानं हाक मारायची, मग उठायचं. नाहीतर ते मरण अंगावरून उतरत नाही म्हणतात. दशरथाचं काम गावातला खुशालराव करायचा. दरवर्षी त्याची म्हातारी आई काठी टेकत यायची, त्याला नावानं हाक मारायची, आणि बाया डोळे पुसायच्या. मला टाके घालता घालता मनकर्णा नवऱ्याला म्हणाली होती, "तुमाले दशरथाचं काम भेटू द्या. साऱ्या गावापुढं तुमचं नाव नाही घेतलं तं सांगजा!"

तो असा लाजला की बोलू नका. दुसऱ्या दिवसापासून वखर हाकताना बैलांना दशरथाचं भाषण ऐकवू लागला.

दोन वर्षं गेली, खुशालराव काही काम सोडेना. मग पावसाळ्यात पटकीची साथ आली. सकाळी मनकर्णा पाण्याला गेली होती, दिवेलागणीला ती नव्हती. लेकरूबाळ तर नव्हतंच, सासूसासरेही आधीच गेलेले. त्यानंतर तो माझ्याशी बोलू लागला. भाकर करपली तरी मलाच सांगायचा.

पुढच्या चैत्रात खुशालराव आईला घेऊन, कापसाच्या गाड्यांसोबत अमरावतीला गेला. भाव रोज चढत होता, त्याचा पाय काही तिथून निघेना. सोंगाच्या दिवशी ऐन दुपारी रामराव पाटील धावत आले. म्हणाले, मुनी, आज दशरथ तूच, भाषण येते ना? चंद्रभाननं मला खुंटीवरून काढलं आणि म्हणाला, "येते."

अरे बाबा, तुला उठवणार कोण? पाटलांना घाईत ते सुचलं नाही. त्याला मात्र पक्कं ठाऊक होतं. पण इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस नाही कसा म्हणेल?

काय काम केलं त्यानं! त्या दिवशी मी पहिल्यांदा खऱ्या आसवांनी भिजले. अर्धं गाव बाजारात होतं, पण जे बसले होते ते रडत होते. मग तो पडला आणि त्यानं डोळे मिटले.

कोणी येईना.

टाळ थांबले. कौसल्या झालेला सहदेव रडायचं सोडून इकडंतिकडं पाहू लागला. पाटलांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, ऊठ रे मुनी. तो हलला नाही. बायांत कुजबुज सुरू झाली, याचं नाव काय गं? कोणाला सांगता येईना. तो उन्हात तसाच पडलेला, आणि मी त्याच्या तोंडावर. त्याच्या घरचं म्हणावं असं तिथं दुसरं होतंच कोण? तिच्या हातची मीच तेवढी. पण दाढीला कुठला आलाय आवाज! इतकी लाज मला माझ्या मुकेपणाची कधी वाटली नाही.

बऱ्याच वेळानं माझ्याआड त्याचे ओठ हलले. मला वाटलं, पाणी मागतोय. तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "ऊठ चंद्रभान. मनकर्णा नाही येत आता."

आणि आपला आपण उठला, देवाला हात जोडले, मला न सोडताच घरी गेला.

त्यानंतर त्यानं सोंग घेतलं नाही. लढाई संपली, भाव कोसळला, माणसं बाजारातून परत आली. मी खुंटीवर पिवळी पडलेय. त्याला आता स्वतःचीच पांढरी दाढी आहे, माझं काय काम? संध्याकाळी तो ओसरीवर बसतो. लोक जाता येता 'काय मुनी' म्हणतात, तो मान हलवतो. त्या दिवशी नाव ऐकूनही कोणी ते पुन्हा घेतलं नाही. शरम वाटत असेल त्यांना.

तुम्ही कधी त्या वाटेनं गेलात तर माझ्यासाठी थांबू नका. त्याला मात्र चंद्रभान म्हणून हाक मारा. लगेच ओ देणार नाही, सवय नाही त्याला. पुन्हा एकदा मारा.