बाईंच्या नावावरची बारा प्रमाणपत्रे

मित्रांनो, मी एका सरकारी शाळेतला टॅब आहे. वय विचाराल तर नुकतीच सहा वर्षे पूर्ण झाली. आमच्या जातीत याला म्हातारपण म्हणतात. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेला आहे, पोट फुगले आहे, आणि चार्जिंगची वायर एका ठरावीक कोनात धरून ठेवली तरच मी जागा होतो. तरी बंद पडण्याआधी एक हकिकत सांगून टाकायची आहे. माझ्या नोंदींमध्ये ती कुठेच सापडणार नाही. नोंदींमध्ये जे आहे ते खोटे आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका कामगार मुलीने माझ्या काचेवर पाच ठिकाणी बोट टेकवले, मी पाचही वेळा नीट उत्तर दिले, आणि तिने माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी डकवली. पुढे एका सभागृहात मोठ्या साहेबांनी मला एका मुख्याध्यापकांच्या हातात दिले. फोटोसाठी दोघांनी मला दोन बाजूंनी बराच वेळ धरून ठेवले. आता ज्ञान शिक्षकांच्या तळहातावर आले आहे, असे साहेब भाषणात म्हणाले. मुख्याध्यापकांनी मला शाळेत आणले आणि कपाटात ठेवून कुलूप लावले.

त्यांना दोष देत नाही. मी फुटलो असतो तर खुलासा त्यांनाच लिहावा लागला असता. चार महिने मी जुन्या हजेरीपटांवर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतो. बाहेर मुले पाढे म्हणायची. मला वाटायचे, आपल्याला कुणीतरी विसरले आहे.

मग एक आदेश आला. प्रत्येक शिक्षकाने वर्षअखेरपर्यंत शिक्षण विभागाच्या पोर्टलवरचे बारा अभ्यासक्रम पूर्ण करायचे होते. प्रत्येक अभ्यासक्रमात दहा चित्रफिती, शेवटी चाचणी आणि मग प्रमाणपत्र. शाळेत पाच शिक्षक आणि मी एकटा. माझ्या पाळ्या लागल्या.

मला आनंद झाला होता, खोटे कशाला बोलू? पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आले की मला लावायचे असते, बघायचे नसते. चौथीचे सर मला खिडकीत भिंतीकडे तोंड करून उभा करत, आवाज बंद करत आणि वह्या तपासायला बसत. रोज एक चित्रफीत. सर वाईट नव्हते. त्यांच्या वर्गात सेहेचाळीस मुले होती, शिवाय सर्वेक्षणाचे तक्ते त्यांच्याच गळ्यात होते. चाचणीची उत्तरे शिक्षकांच्या ग्रुपवर आधीच फिरत असत. चुन्याचे पोपडे उडालेल्या त्या भिंतीला मी मुलांचे मानसशास्त्र शिकवले, विज्ञानाचे प्रयोग शिकवले. भिंतीने एकदाही प्रश्न विचारला नाही.

शेवटची पाळी दुसरीच्या बाईंची. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन्ही हातांत असे धरले, जसे काठोकाठ भरलेले भांडे. चुकून काहीतरी दाबले जाईल म्हणून त्या बोट काचेवर टेकवण्याआधी हवेतच थांबायच्या. त्यांनी पहिला अभ्यासक्रम निवडला तो वाचनाचा: अक्षरे ओळखू न येणाऱ्या मुलांना वाचायला कसे शिकवावे.

त्यांच्या वर्गात तशी एक मुलगी होती. सारखी पेन्सिलीचे टोक कुरतडायची म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. तिची आई इस्त्रीचे दुकान चालवायची. खारूताईला भ आणि म, ध आणि घ सगळे सारखेच दिसायचे. वाचायची वेळ आली की ती शेजारणीचे ऐकून ओठ हलवायची. बाईंनी तिच्यासाठी सगळे उपाय करून पाहिले होते, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला हे येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती.

माझ्या पडद्यावर एक ताई शिकवत असत. त्या म्हणाल्या, अक्षर दाखवायची घाई करू नका. आधी शब्द ऐकू द्या. शब्दात जितके आवाज ऐकू येतील तितक्या गुंड्या मुलाला मांडायला सांगा. बाईंनी मला थांबवले, मागे नेले, पुन्हा ऐकले आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घेतले. पुढच्या भागाला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरून जुन्या सदऱ्यांच्या गुंड्या डब्यात भरून घेऊन आल्या. आठवडाभर त्यांनी वर्गात फक्त तेवढेच केले. कुणाला जमले, कुणाला नाही, हे वहीत लिहिले. मग माझ्याकडे येऊन दुसरा भाग लावला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेच दिवस मला कामाचे वाटतात. कुणीतरी माझ्याकडे बघत होते.

प्रत्येक भागाखाली एक चौकोन असे: तुमचा प्रश्न लिहा. बाई एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहायच्या. मुलगी गुंड्या बरोबर मांडते, पण अक्षर समोर आले की गप्प होते, तेव्हा काय करावे? दर वेळी लगेच उत्तर यायचे, आपला प्रश्न नोंदवला आहे, धन्यवाद. पहिल्यांदा बाईंना वाटले की ताईंनी निरोप पोचल्याचे कळवले. त्या आठवडाभर उत्तराची वाट बघत राहिल्या. असे सात प्रश्न त्यांनी लिहिले.

आणखी एक अडचण होती. तीस दिवसांत अभ्यासक्रम संपला नाही तर पोर्टल तो पुन्हा पहिल्या भागावर आणून ठेवी. बाईंचा एक भाग वर्गात करून बघण्यातच आठ-दहा दिवस जात. तिसरा भाग संपेपर्यंत महिना उलटे आणि माझ्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे शून्य येई. असे तीनदा झाले. बाई नव्याने सुरुवात करायच्या आणि म्हणायच्या, बरं झालं, पुन्हा ऐकायला मिळालं.

खरखरीत कागदावर बोटाने अक्षर गिरवणे, भ आणि ध यांच्या डोक्यावरची रेघ तुटकी असते ती फट बोटाला लागू देणे, हे तिसऱ्या भागात होते. खारूताईला ती फट लागली. एका सकाळी तिची आई दुकान बंद ठेवून शाळेत आली. कपडे गुंडाळायच्या रद्दी कागदावरची एक ओळ पोरीने आपणहून वाचली, मला वाचता येत नाही, तिने बरोबर वाचली की चूक ते तुम्ही बघा, असे आई म्हणाली. बाईंनी तो कागद खारूताईपुढे धरला. तिने अडखळत, बोट फिरवत वाचले, 'भाड्याने देणे आहे.' तिची आई पदराने डोळे पुसू लागली. बाईंनी वही उघडून तारीख लिहिली.

त्याच आठवड्यात यादी आली. तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांची नावे, पुढे पूर्ण झालेले अभ्यासक्रम. आमच्या शाळेत चौघांपुढे बारा आणि बाईंपुढे लाल रंगात शून्य. त्या एका शून्याने शाळा यादीत तळाला गेली होती आणि मुख्याध्यापकांना बैठकीत उभे करून विचारणा झाली होती. ते परत आले ते चेहरा पाडूनच. मी टेबलावरच होतो.

"बाई, चौघांना जमलं ते तुम्हाला का जमू नये?" त्यांनी विचारले.

"सर, मी शिकतेय ना. तिसरा भाग झाला. पोरगी वाचायला लागली."

"शिकू नका असं कुठं म्हणतोय मी? पूर्ण करा म्हणतोय."

शनिवारी शाळा सुटल्यावर तालुक्याच्या कार्यालयातून संगणकाचा ऑपरेटर आला. बाईंनी आपला पासवर्ड कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून त्याच्या हातात दिला. मी त्यांचा हात पाहिला. चाचणीत कॉपी करताना पकडलेले मूल चिठ्ठी पुढे करते, तसा तो पुढे आला होता.

ऑपरेटरने सगळ्या चित्रफिती दुप्पट वेगाने, आवाज बंद करून, एकदम चार-चार लावल्या. पडद्यावरच्या ताई मुक्याने भराभर हात हलवत होत्या. उत्तरांचा कागद त्याच्या मांडीवर होता. वाचनाच्या चाचणीत प्रश्न आला, सुरुवात कशाने करावी? त्याने 'मुळाक्षरांचा तक्ता पाठ करून घेणे' हे उत्तर दाबले.

बाई मागेच उभ्या होत्या. "ते चूक आहे," त्या म्हणाल्या. "ताई तर म्हणतात आधी आवाज, मग अक्षर."

ऑपरेटरने मान वर केली नाही. "बाई, इथं हेच बरोबर धरतात."

आणि खरेच, पडद्यावर हिरवी खूण उमटली. त्या दुपारी चार तासांत मी बाईंच्या नावाने बारा अभ्यासक्रम पूर्ण केले. बाई बाजूच्या बाकावर बसून गुंड्यांचा डबा उघडत होत्या, बंद करत होत्या. मुख्याध्यापकांनी बारा प्रमाणपत्रे छापून फाइलीला लावली. शाळा यादीत वर गेली.

इथवर झाले ते विसरता आले असते. पण पुढच्या वर्षी पोर्टलवर एक संधी आली. राज्यातून तीस शिक्षक निवडायचे होते. पडद्यावरच्या त्याच ताई त्यांना तीन महिने समोर बसवून शिकवणार होत्या, आणि मग ते शाळाशाळांत जाऊन वाचनाचे काम करणार होते. बाईंनी ती सूचना माझ्यावर पाच वेळा वाचली. सात प्रश्न त्यांनी पुन्हा एका कागदावर उतरवून काढले, समोरासमोर विचारायचे म्हणून. अर्ज भरला. वही जोडायची होती, पण पोर्टलवर वही जोडायला जागाच नव्हती. प्रमाणपत्रे मात्र आपोआप जोडली गेली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. माझ्याच पडद्यावर तो बाईंनी वाचला: अर्ज अपात्र. बारा अभ्यासक्रम एकाच दुपारी पूर्ण केल्याचे आढळून येते. अर्जदाराने प्रामाणिकपणे शिक्षण घेतल्याचे दिसत नाही.

साक्ष माझी होती, मित्रांनो. कोणती चित्रफीत किती वाजता लागली, हे मीच पोर्टलला कळवत होतो. तीनदा सुरू केलेला, तीनदा राहिलेला अभ्यासक्रम मात्र नव्या नोंदीखाली पुसला गेला होता. बाईंनी कार्यालयात फोन लावला. आम्ही मशीन दाखवतं ते धरतो, असे तिकडून सांगण्यात आले. फोन ठेवल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे वाटले असते.

आमच्या शाळेतून निवड झाली ती चौथीच्या सरांची. त्यांची नोंद नमुनेदार होती. रोज एक चित्रफीत, सहा महिने, शाळेच्या एकाही दिवशी खंड नाही.

सरांना लाज वाटली, हे मी सांगायलाच हवे. दोन दिवस ते बाईंसमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, आणि खाली बघत म्हणाले, "बाई, तिथं मला वाचनावर बोलायला लावतील. तुमची वही बघायला मिळेल का?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी पिशवीतून निळी वही काढली. "घ्या. पण गुंड्या खऱ्या न्या सर, चित्रात दाखवू नका. पोरांच्या हाताला लागायला हव्यात."

सरांनी माझ्यावरच वहीच्या पानांचे फोटो काढले. वही परत दिली. पुढे त्यांनी तयार केलेले सादरीकरणही माझ्यावरून गेले. त्यात गुंड्यांचे चित्र होते. ते साठ शाळांना पाठवले गेले, आणि मला वाटते, साठ भिंतींना दाखवले गेले.

बाईंनी त्यानंतर मला हातात घेतले नाही. पाळी आली की त्या चिटोरा द्यायच्या, ऑपरेटर यायचा. वर्गात मात्र त्या गुंड्यांनीच शिकवत राहिल्या, हे मला कपाटातून ऐकू यायचे.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा फोटो काढायला म्हणून मला बाहेर काढले होते. मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले. नव्या काळाशी जुळवून घेणाऱ्या शिक्षिका, एका वर्षात बारा प्रमाणपत्रे, असे त्यांनी मनापासून सांगितले. ती कुणी मिळवली हे ते विसरूनच गेले होते. बाई उत्तराला उठल्या.

"ती प्रमाणपत्रं माझी नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी मी नुसती बसले होते. मी एक अभ्यासक्रम तीनदा सुरू केला आणि तीनदा राहिला. मला येतं ते तिसऱ्या भागापर्यंतचंच. पुढं काय होतं ते मला शिकायचं होतं."

समोरचे लोक हसले. किती साध्या आहेत बाई, असे कुणीतरी म्हणाले आणि टाळ्या सुरू झाल्या. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, टाळ्या थांबल्या की पुन्हा सांगावे म्हणून. टाळ्या थांबल्या तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात शाल ठेवली होती आणि पुढचा वक्ता उठला होता. तो फोटो मी काढला. माझा तो शेवटचा.

मित्रांनो, मला जपा, पाण्यापासून दूर ठेवा, असे सांगणार नाही. मी मोडलो तर दुसरा येईल. पण तुमच्या आसपास कुणी हळूहळू, थांबत, मागे जात शिकत असेल, तर त्याच्याजवळ थोडा वेळ जाऊन बसा. त्याला काय आले, ते त्यालाच विचारा. मला विचारू नका. मी फक्त बटण किती वाजता दाबले ते सांगेन, आणि लोक त्यावर विश्वास ठेवतील.